कंपाउंडची बाटली सगळ्यात शेवटी

काळी किंवा गडद निळी गाडी सकाळच्या तिरक्या उन्हात उभी करा आणि बोनेटकडे बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. त्यांनाच स्वर्ल म्हणतात. खरं तर त्या रेघा गोल नसतातच. पुसताना फडकं जसं फिरलं तशा त्या सगळ्या दिशांना गेलेल्या असतात, पण उजेडाला आडव्या येणाऱ्या रेघाच तेवढ्या चमकतात, म्हणून जाळं गोल वाटतं. हातातली बॅटरी (टॉर्च) सरकवली की जाळंही सोबत सरकतं. जे सरकत नाही, एकाच जागी एकटं दिसतं, तो ओरखडा.

हा फरक आधी कळला पाहिजे, कारण दुकानात जाऊन ‘स्क्रॅच जायचं कंपाउंड द्या’ (कंपाउंड म्हणजे पेंट घासून ओरखडे काढणारी पेस्ट) म्हटलं की हातात पडेल ते घ्यावं लागतं. आपल्याकडे बेळगाव भागात तीन प्रकारची खराबी जास्त दिसते. पहिली धुरळ्याची. खानापूरकडून, चोर्ला घाटातून आलेल्या गाडीवर लाल धूळ बसते आणि त्या धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात. ते गाडीच्या क्लिअरपेक्षा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण. सुक्या फडक्यानं पुसलं, डिकीतला झाडू-डस्टर फिरवला, की जाळी तयार. दुसरी गळीत हंगामातली. चिक्कोडी, निपाणी, अथणी बाजूला अरुंद रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला घासून गाडी काढली की बाहेर लोंबणारा पाला दारावरून सरकतो. उसाच्या पानाच्या कडेत सिलिका असते. त्याचे ओरखडे लांब, आडवे, एकमेकांना समांतर असतात आणि जाळीपेक्षा खोल असतात. तिसरी खराबी उद्यमबागेसारख्या फाउंड्रीच्या भागात रोज गाडी लावणाऱ्यांची. लोखंडाचे सूक्ष्म कण पेंटमध्ये रुततात आणि हात फिरवला की वाळूचा कागद चाचपल्यासारखं लागतं. हा ओरखडा नव्हेच. पण हे कण न काढता कंपाउंड मारलं, की पॅड तेच कण उचलून सगळ्या बोनेटवर फिरवतं आणि नवे ओरखडे पाडतं.

आता जाडीचं गणित. कंपनीच्या पेंटमध्ये पत्र्यावर आधी ई-कोट (गंज रोखणारा पहिला थर), मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर. सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढं. त्यातलं क्लिअर ४०-५० मायक्रॉन, अर्धा कागद. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंग वाचवणारे घटक याच अर्ध्या कागदात असतात. पॉलिश करणं म्हणजे ओरखडा ‘भरणं’ नव्हे, तर ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं क्लिअर खाली आणणं. कडक कंपाउंडनं एकदा गाडी केली की दोन-चार मायक्रॉन सहज जातात. म्हणून एकाच गाडीला दरवर्षी दिवाळीच्या आधी ‘रबिंग’ मारून घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. चार-पाच वर्षांनी टपावर पांढरे चट्टे पडले की मग कंपनीला शिव्या.

नखाची परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते, पण ती बहुतेक जण चुकीची करतात. नख ओरखड्यावरून आडवं, न दाबता, स्वतःच्या वजनानं सरकवायचं. अडकलं तर कंपाउंडचा नाद सोडा. तिथं टच-अप पेंट किंवा पेंटरच लागेल. पॉलिशनं फार तर कडा बोथट होऊन तो कमी दिसेल. नख अडकत नसेल तर त्यावर पाण्याचा थेंब टाका. पाणी टाकल्यावर ओरखडा दिसेनासा झाला, तर तो क्लिअरमध्येच आहे आणि निघण्याची चांगली शक्यता आहे. पाण्याखालीही पांढरा किंवा करडा दिसत राहिला, तर प्रायमरपर्यंत गेला. आणखी एक गोष्ट तपासा. दुसऱ्या गाडीचा रंग घासून लागलेला असतो, तो ओरखड्यासारखाच दिसतो. थोडं पेट्रोल किंवा टार रिमूव्हर कापडावर घेऊन पुसलं की तो निघून जातो. कंपाउंड लागतच नाही.

एवढं झालं की मग बाटली. बाजारात मोटामोटी तीन दर्जे असतात: हेवी कट, मीडियम कट आणि फिनिशिंग. मेन्झर्नाची ४००, २५०० आणि ३८०० ही याच उतरंडीतली, मेग्वायर्सचं एम१०५ कापणारं आणि एम२०५ चमकवणारं. आकडे बघून वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना मात्र करू नका. ते आकडे म्हणजे वॉटर पेपरचे ग्रिट (खरखरीतपणाचे नंबर) नव्हेत, ज्याच्या-त्याच्या कंपनीची नावं आहेत. बाटलीवर वाचायचं ते हे: किती नंबरच्या पेपरचे ओरखडे काढतं? पी१५०० लिहिलेलं असेल तर ते पेंट मारणाऱ्या वर्कशॉपसाठी आहे, नवीन मारलेलं क्लिअर घासून सपाट केल्यावर वापरायचं. फडक्याच्या जाळीला त्याची काय गरज हो? पी२५०० किंवा पी३००० लिहिलेलं मीडियम आपल्या नव्वद टक्के कामाला पुरतं.

पेंटच्या दुकानात डब्यात मिळणारं घट्ट, खरखरीत रबिंग कंपाउंड स्वस्त असतं, पण ते लोकरीच्या बफवर, नव्या पेंटसाठी. हातानं कापसावर घेऊन बोनेट चोळलं तर जुनी जाळी जाऊन नवी, जास्त मोठी जाळी येते. याच्या उलट टोकाला ‘स्क्रॅच रिमूव्हर’ नावाच्या काही ट्यूबा असतात. त्यांत कापणारे कण नावाला आणि तेल-मेण भरपूर. लावल्यावर आरशासारखं दिसतं, आणि तीन धुण्यांत सगळं होतं तसं. मुद्दाम फसवणूक असतेच असं नाही, पण गाडी विकायच्या आदल्या दिवशी हीच ट्यूब लावतात हेही खरं.

कणांचा प्रकार कळला तर हातातलं काम बदलतं. जुन्या पद्धतीच्या कंपाउंडमधले अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण घासता घासता फुटून बारीक होत जातात. सुरुवातीला कापतात, शेवटी चमकवतात. अशा कंपाउंडला पूर्ण वेळ द्यावा लागतो. दोन फेऱ्यांत थांबलात तर कण अर्धेच फुटलेले असतात आणि पेंटवर धुकं, म्हणजे अंधुकपणा राहतो. दुसऱ्या प्रकारात कण पहिल्यापासूनच एकसारखे बारीक असतात आणि फुटत नाहीत. मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड त्यातलं. ते पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारखंच कापतं, कधीही थांबा. हातानं काम करणाऱ्यानं हेच दुसऱ्या प्रकारचं घ्यावं, कारण हातात कण फोडण्याएवढा वेग नसतो.

कापण्याची ताकद मात्र बाटलीइतकीच पॅडमध्ये असते. लोकर सगळ्यात जास्त कापते, मग मायक्रोफायबर, मग कडक फोम, मऊ फोम सगळ्यात कमी. फोमच्या रंगांवर विसंबू नका. एका कंपनीचा पिवळा दुसऱ्या कंपनीच्या नारिंगीइतका कडक असू शकतो. बोटानं दाबून बघा. मीडियम कंपाउंड कडक फोमवर जे करतं, तेच मऊ फोमवर जवळपास फिनिशिंगचं काम करतं. एकच मीडियम बाटली आणि दोन तऱ्हेचे पॅड, एवढ्यात घरच्या गाडीचं भागतं. हॅचबॅकला पाच-सहा पॅड हवेत, एकावर सगळी गाडी होत नाही. कंपाउंड २५० मिलीमध्ये अशा दोन गाड्या होतात, लिटरची बाटली घरच्या माणसानं घेऊ नये.

मशीन डीए (ड्युअल अॅक्शन) घ्या, म्हणजे गोल फिरता फिरता हेलकावे देणारं. पाच इंची प्लेट पुरे. नुसती गोल फिरणारी रोटरी ६०० ते ३००० आरपीएममध्ये चालते, लवकर कापते, पण हात बसलेला नसेल तर होलोग्राम (उन्हात चमकणारे मशीनचे पट्टे) पाडते आणि कडेवरचं क्लिअर जाळते. आणि ग्राइंडरला फोम लावून बफ करायचा जुगाड मुळीच नको. आपल्याकडे दर दुसऱ्या वर्कशॉपात चार इंची ग्राइंडर पडलेला असतो म्हणून ही आठवण. तो ११,००० आरपीएमनं फिरतो, दोन सेकंदांत रंग जातो.

आधी गाडी शाम्पूनं धुवा. बोअरचं पाणी जड असेल तर ते गाडीवर सुकू देऊ नका. आयर्न रिमूव्हर मारा. तो जांभळा पडून ओघळू लागला की समजा लोखंड होतं. वाळायच्या आत धुवून टाका. मग ओल्या पेंटवर क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरवा. क्ले खाली पडला तर फेकून द्या, धुवून परत वापरू नका. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, रबर, बोनेटच्या धारा आणि दाराच्या कडा मास्किंग टेपनं झाका. काळ्या प्लॅस्टिकवर बसलेलं कंपाउंड पांढरं पडतं आणि ब्रशनंही धड निघत नाही.

शेडमध्ये किंवा सावलीत, पत्रा हाताला गार लागेल तेव्हा काम करा. मार्च ते मे वाऱ्यावर धूळ असते. अंगणात सडा घालतात तसं जमिनीवर पाणी शिंपडलं की पायानं उडणारी माती बसते.

आता चाचणी. बोनेटवर टेपनं दीड फूट बाय दीड फूट चौकोन आखा. सगळ्यात सौम्य जोडी आधी, म्हणजे फिनिशिंग (नसेल तर मीडियमच) आणि मऊ पॅड. नव्या पॅडवर पहिल्यांदा कंपाउंड बोटानं सगळीकडे चोळून घ्यायचं, नंतर दर चौकोनाला हरभऱ्याएवढे चार थेंब बास. जास्त घातलं तर पॅड तेलकट होऊन नुसतं घसरतं, कापत नाही. मशीन बंद ठेवून चौकोनात थेंब पसरवा, मग सुरू करा. वेग ६ पैकी ४ किंवा ५, दाब मशीनच्या वजनाहून थोडा जास्त. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, पहिले आडवे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर चढवून. चार ते सहा फेऱ्या. बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर बसतं त्या तबकडीच्या) कडेला मार्करनं एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतंय. नुसती थरथरत असेल तर दाब जास्त झाला किंवा पॅड तिरकं धरलंय, आणि काही कापलं जात नाहीय.

कंपाउंडकडे बघत राहा. आधी दुधासारखं पांढरं, मग पातळ साय, शेवटी काचेवर तेलाचा हात लागावा तसा पारदर्शक थर. तिथं थांबायचं. थर कोरडा होऊन पांढरी भुकटी उडायला लागली तर उशीर झाला.

पुसल्यावर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका, वर तेल असतं. १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ४०० मिली बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर मिसळून फवारा, स्वच्छ मायक्रोफायबरनं टिपा आणि तिरकी बॅटरी धरा. जाळी गेली? मग सगळी गाडी याच जोडीनं. नाही गेली तर आधी पॅड बदला, बाटली नव्हे. कडक पॅडवरही नाही गेली तरच मीडियम, आणि मीडियमनंही नाही तरच हेवी. हेवीनंतर बारीक धुकं राहतंच, विशेषतः काळ्या गाडीवर मायक्रोफायबर पॅडनं. ते फिनिशिंगनं मऊ फोमवर काढावं लागतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर ते दिसणारही नाही. तिथं एकाच टप्प्यावर थांबा.

पॅडला गाडीचा रंग लागला तर तिथंच थांबा. गाडी जुनी आणि सिंगल स्टेज रंगाची (वर वेगळं क्लिअर नसलेली) असेल तर ते साहजिक आहे, नाहीतर क्लिअर संपलंय. गाडी कधी ठोकली असेल, तर त्या दाराची नव्यानं चाचणी करा. शेडमध्ये मारलेला रंग कंपनीच्या रंगापेक्षा मऊ असू शकतो आणि जाडीही वेगळी असते. प्लॅस्टिकचा बंपर पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, तिथं दाब आणि वेग दोन्ही कमी. मॅट रंगाला काहीच लावायचं नाही.

दाराच्या मुठीमागच्या खळग्यात अंगठी आणि नखांचे ओरखडे असतात, तिथं मशीन जात नाही. दोन बोटांना मायक्रोफायबर गुंडाळून, वाटाण्याएवढं अल्टिमेट कंपाउंड घेऊन, एकाच दिशेनं पंचवीस-तीस वेळा. गोल घासू नका.

उसाच्या ट्रॉलीचे समांतर ओरखडे पूर्ण काढायच्या मागे लागू नका. दोन फेऱ्यांत सत्तर टक्के कमी दिसले की सोडून द्या. दर दोन चौकोनांनंतर पॅड ब्रशनं झाडा. काम झाल्यावर कोमट पाण्यात शाम्पू घालून धुवा आणि तोंड खाली करून सावलीत वाळवा. पॅडच्या मागे मार्करनं ‘हेवी’ की ‘फिनिश’ लिहून ठेवा. हेवीचं पॅड कितीही धुतलं तरी त्यात चार कण राहतात, आणि फिनिशिंगला नेमके तेच दिसतात.