पुढे काय झाले, ते पडद्यावर पाहा

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मी स्क्रू आणायला जातो, असं घरी सांगून. परतताना पिशवीत असतात सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या. पूर्वी थिएटराच्या दाराशी आण्या-दोन आण्यांना मिळत, त्या. आठ-दहा पानं, मधोमध गंजलेली पिन, पाठीवर केशतेलाची जाहिरात.

आल्याआल्या पिन काढायची. नखाने उचकटली तर पानच हातात येतं. बोथट सुरीचं टोक सरकवून पिनेचे दोन्ही पाय हळूच सरळ करायचे आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवायचा. चोपड्यांना लॅमिनेशन करणाऱ्यांशी मी फारसं बोलत नाही.

‘‘अहो, पण सिनेमा कुठाय?’’ बायको विचारते. प्रश्न रास्त आहे. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा. त्यात सात गाणी होती. आज त्याची एकही प्रत सापडत नाही. त्या काळच्या नायट्रेट फिल्ममध्ये चांदी असायची. सिनेमा उतरला, की रिळं धुऊन ती काढून घेत. किती नायिका अशा मोडीत गेल्या असतील! पुण्यातलं फिल्म संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये, तोवर बरंचसं आटोपलं होतं. तिथल्या पी. के. नायरांनी दारोदार हिंडून डबे गोळा केले, म्हणून फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ तरी डोळ्यांना दिसतो.

माझी सगळ्यात लाडकी चोपडी चाळीस रुपयांची. मुखपृष्ठ नाही, त्यामुळे नावही नाही. कथासारात वकिलाची मुलगी घर सोडून वादळात निघते, नदीला पूर आलेला, नावाडी नाही म्हणतो... आणि खाली ठसठशीत अक्षरात, ‘पुढे काय झाले, ते रुपेरी पडद्यावर पाहा.’

आता कुठल्या पडद्यावर पाहू?

पण तिसऱ्या गाण्याशेजारी कुणीतरी शिसपेन्सिलीने रागाचं नाव लिहिलंय, ‘पिलू’. एका ओळीपुढे ‘दोनदा’. पानावर तेलकट बोटाचा डागही आहे. घरी जाऊन पेटीवर बसवत असणार. बायको दोन वर्षं गाणं शिकली होती. परवा भाजी निवडता निवडता तिने त्या ओळी पिलूत म्हणून पाहिल्या. ती ओळ दोनदाच म्हणावी लागते, एकदा म्हटली तर सम हुकते.

‘‘पुढच्या रविवारी,’’ ती म्हणाली, ‘‘स्क्रू आणायला मीही येते.’’