टी४ नॉर्मल होता, म्हणून माझा थायरॉइड कोणी बघितलाच नाही

रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ८.६ आला होता. टी४, म्हणजे ती ग्रंथी स्वतः बनवते ते हार्मोन, नॉर्मल होता. आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘हाय’ छापलेलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर फिरवून तो परत दिला. "टी४ नॉर्मल आहे ना? मग काही नाही. घर, नोकरी, मुलांच्या परीक्षा... दगदग होतेय तुमची." आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. तो राग अजून गेलेला नाही. मी सांगत होते की नाशिकच्या मे महिन्यात पंखा बंद करून चादर ओढून झोपते, पोट साफ होत नाही, पाळीत अंगावरून खूप जातं, आवाज घोगरा झालाय. त्यांनी एकदाही गळ्याला हात लावला नाही. पुढच्या खेपेला तेच, फक्त लोहाच्या जोडीला व्हिटॅमिन डी. नंतर ‘वजन कमी करा’. एकदाच वाढलेला टीएसएच आपोआप उतरूही शकतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचा असतो. पण तेवढंसुद्धा कोणी सांगितलं नाही.

शेवटी एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे गेले. घरात कोणाला थायरॉइड, कोड, लहानपणापासूनचा मधुमेह आहे का, हे त्यांनी आधी विचारलं. मावशीला थायरॉइड, आईला कोड. मग मागे उभ्या राहून गळ्यावर बोटं ठेवली, "पाण्याचा घोट घ्या, आता गिळा." ग्रंथी थोडी वाढलेली आणि घट्ट लागली. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीजची तपासणी, भरपूर पॉझिटिव्ह आली. हाशिमोटो. १९१२ साली जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी वर्णन केलेला आजार. आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर हल्ला करते. ग्रंथी दमली की मेंदूतली पिट्युटरी टीएसएच वाढवून तिच्याकडून काम करून घेते, म्हणून सुरुवातीला टी४ नॉर्मलच दिसतो. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने. लोह, कॅल्शियम चार तासांनी. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. अँटी-टीपीओ दर वेळी करायची गरज नाही, पैसे वाचवा. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि हो, केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते विचारून घ्या. त्याने रिपोर्ट चुकतो.