दुपारी चारनंतरचा ब्लूज

आमच्या मंडळाची वार्षिक श्रवण-बैठक डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी भरते. दीपप्रज्वलन, हिशेबवाचन, नव्या सभासदांची ओळख हे सगळं साडेदहाच्या आत उरकतं. सकाळचं सत्र रॉकचं. क्रीम या ब्रिटिश बँडचं 'क्रॉसरोड्स' लागतं, १० मार्च १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात वाजलेलं. मग १९७० च्या पहिल्याच दिवशी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने वाजवलेलं 'मशीन गन'. तेव्हा मागच्या भिंतीला टेकून उभं राहायलाही जागा नसते. जेवणं होतात, आणि चार वाजेपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. कुणाला गाडी पकडायची असते, कुणाला नातेवाइकांकडे जायचं असतं. कारणं खरी असतील, पण दरवर्षी तीच माणसं उठतात आणि दरवर्षी तेच चुकवतात, याचं वाईट वाटतं.

कारण चारला गिटारवाले काका ब्लूजवर, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या गाण्यांवर, बोलायला उभे राहतात.

काकांचं रसग्रहण वीस मिनिटांचं असतं आणि ते हातात गिटार घेऊनच होतं. सुरुवात धानी रागापासून. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हेच ब्लूजचे पाच स्वर. गिटारच्या मानेवरच्या पाचव्या फ्रेटवरचा, म्हणजे धातूच्या पट्टीवरचा, ए हा षड्ज धरून ते हे स्वर सरळ वाजवतात. सूर सगळे बरोबर, पण ब्लूज कुठेच नाही. मग तिसऱ्या तारेवरचा पाचवा फ्रेट, म्हणजे कोमल गंधार, ते जरासा ओढतात. शुद्ध गंधारापर्यंत न्यायचा नाही, मधेच सोडायचा. सभागृहात लगेच कुणीतरी 'अहा' म्हणतं. त्यानंतर त्याच तारेवर सातव्या फ्रेटचा मध्यम मींड घेऊन पंचमापर्यंत चढवायचा आणि दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर तोच पंचम वाजवून पडताळायचा. नवशिके इथे एका बोटाने तार ढकलतात आणि सूर खालीच राहतो. अनामिकेच्या मागे मधलं आणि पहिलं बोट त्याच तारेवर लावायचं, अंगठा मानेच्या वरून घ्यायचा आणि जोर बोटांनी नाही, मनगट फिरवून द्यायचा. ओढल्यावर तार उतरत असेल तर खुंट्यांना दोष देण्याआधी नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, बघावी. तार तिथल्या खाचेत अडकते आणि ओढून आलेली लांबी परत जात नाही. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं की बहुतेक वेळा काम होतं.

मग काका गिटार खाली ठेवतात आणि सुई टेकते 'लाइव्ह ॲट द रीगल'वर. शिकागोचं रीगल थिएटर, २१ नोव्हेंबर १९६४, ब्लूजचा गायक-गिटारवादक बी. बी. किंग. काका एकच सूचना देतात: पहिल्यांदा गिटार ऐकू नका, माणसं ऐका. 'हाऊ ब्लू कॅन यू गेट'मध्ये बँड एकेका फटक्यावर थांबतो, त्या मोकळ्या जागेत किंग आपली तक्रार मांडतो आणि रीगलमधल्या बायका-पुरुषांचा जो आरडाओरडा उठतो, ती दाद गाण्याबाहेरची नाही. गायकाने त्या दादेसाठी जागा सोडलेली असते. किंग गाताना गिटार वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. गळा थांबला की गिटार बोलणार. आपल्याकडे सवाल-जवाबात दोन माणसं लागतात, इथे एकच माणूस दोन्ही बाजू सांभाळतो. हे कळल्यावर तीच रेकॉर्ड दुसऱ्यांदा लावतात आणि त्या वेळी कुणी खोकतसुद्धा नाही. इतक्या वर्षांत या दुसऱ्या ऐकण्याला डोळे कोरडे राहिलेले नाहीत.

ब्लूजचा बारा बारचा साचा काका बोटांवर मोजून घेतात (बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन, कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर, आणि त्याचा आकडा म्हणजे तो सप्तकातल्या कितव्या स्वरावरचा): चार बार पहिला कॉर्ड, दोन चौथा, दोन परत पहिला, एक पाचवा, एक चौथा, दोन पहिला. मग किंगचं 'द थ्रिल इज गॉन' लावून विचारतात, नवव्या बारला काय वेगळं झालं? १९६९ ची ही रेकॉर्ड बी मायनरमध्ये आहे, म्हणजे षड्ज बी आणि गंधार कोमल. रॉय हॉकिन्सने तेच गाणं १९५१ मध्ये केलं होतं. नेहमीच्या पाचव्या कॉर्डच्या जागी इथे कोमल धैवतावरचा, म्हणजे जी कॉर्ड येतो आणि पाचवा एक बार उशिरा पोचतो. पायाखालची पायरी सरकल्यासारखं होतं ते यामुळेच. गेल्या वर्षी हे बरोबर ओळखलं ते अकरावीतल्या एका मुलीने. चारनंतर थांबलेली ती एकटीच नवी सभासद होती, म्हणून मुद्दाम लिहितो.

शेवट ऑलमन ब्रदर्सच्या 'स्टेट्सबरो ब्लूज'ने. फिलमोर ईस्ट, मार्च १९७१. गिटारवादक ड्वेन ऑलमनच्या अनामिकेत तारांवरून घसरवायला सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली, गिटार ओपन ई मध्ये लावलेली, म्हणजे मोकळ्या ताराच ई कॉर्ड देतात. त्याच ऑक्टोबरात तो मोटारसायकलच्या अपघातात गेला, जेमतेम २४ वर्षांचा. आमची तरुण मंडळी हे प्रत्यक्ष वाजवून बघतात. काच बरोबर फ्रेटच्या पट्टीवर हवी, दोन पट्ट्यांच्या मधे नाही. आणि काचेच्या मागच्या बोटाने तारा हलक्या दाबायच्या, नाहीतर मागून कर्कश आवाज येत राहतो.

२०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सवाच्या पहिल्या वर्षी ब्लूज गिटारवादक बडी गाय याला ऐकून आलेले चार सभासद आमच्यात आहेत. ते कधीच लवकर उठत नाहीत.

आता ज्यांच्यामुळे हे घडतं त्यांच्याबद्दल. अमेरिकेहून आलेला आमचा टर्नटेबल ट्रान्सफॉर्मरवर फिरला खरा, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. ६० सायकलची मोटर आपल्या ५० सायकलवर मंदावली, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम २८ भरल्या आणि बी मायनर तीन सेमीटोनांहून (अर्ध्या स्वरांहून) खाली उतरला. लेथवाल्या दादांनी १.२ पट व्यासाची पितळी पुली करून दिली. पहिली पट्ट्याची जाडी न धरता कापली म्हणून गती किंचित कमी आली. दुसरी त्यांनी पैसे न घेता केली. वेग तपासायला १८० रेघांची चकती आणि जुनी चोकवाली ट्यूबलाइट लागते; वेग बरोबर असेल तर तिच्या उजेडात रेघा स्थिर दिसतात, एलईडीखाली रेघा स्थिर दिसतीलच असं नाही. ती ट्यूब शोधून आणली वायरमन काकांनी. गिटारची घुरघुर कमी व्हावी म्हणून सगळी यंत्रं एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घेणारे आणि रंगमंचाचा डिमर वेगळ्या फेजवर टाकणारेही तेच. बाटलीची मान कापून कडा घासून देणारे काचवाले, रेकॉर्डी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन सावलीत वाळवणाऱ्या दोन ताई, आपला खासगी संग्रह विश्वासाने हातात देणारे डॉक्टर, ऐंशी जणांचे पोहे करणाऱ्या काकू आणि त्यांना कांदा चिरून देणारे त्यांचे यजमान, कार्यक्रमपत्रिका हाताने लिहिणारी ताई, खुर्च्या आणून पोचवणारा मंडपवाल्यांचा मुलगा, चपला नीट लावणारी शेजारच्या वाड्यातली पोरं. ॲम्प्लिफायर तिसऱ्या मजल्यापर्यंत खांद्यावरून वाहणारे दोघं भाऊ गेल्या अहवालात राहून गेले होते, त्यांची नोंद इथे आवर्जून करतो.

आणि सभागृहाचे वॉचमन मामा. वेळ साडेसहापर्यंतची असते. 'स्टेट्सबरो' संपायला पावणेसात होतात आणि मामा किल्ल्या न वाजवता दाराशी उभे राहून ऐकत असतात.