पाणी भरताना, चालताना, वाकताना

"मॅडम, तुम्ही बौद्ध, पण पुनर्जन्म मानत नाही. डोळे मिटून बसलेल्याही कधी दिसत नाही. मग तुम्ही नेमकं करता काय?" क्लिनिकमध्ये, विहारात, लग्नाच्या पंगतीत लोक मला हे विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला माझं छोटं क्लिनिक आहे. यंत्रमागावर उभं राहून पाय सुजलेले, विड्या वळून मान आखडलेली अशी माणसं दिवसभर समोर असतात. त्यामुळे माझा धम्म शरीरापासून सुरू होतो. मी चालते आणि चालण्याकडे लक्ष देते. वाकते, उचलते, वळते, तेव्हा त्या हालचालीत हजर राहते. मन भरकटलं की परत आणते. बसणंही करते, पण थोडंच.

पुनर्जन्म, स्वर्ग-नरक, चमत्कार बाजूला ठेवून बुद्धाची शिकवण जगायची, याला आज परदेशात सेक्युलर बुद्धिझम म्हणतात. ते ऐकून आपल्याकडे कुणी चकित व्हावं असं मला वाटत नाही. आमच्या घरातले देव १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरच गेले. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली आला. त्यात आत्मा नाकारलेला आहे आणि पुनर्जन्माचा अर्थ शरीरातली द्रव्यं निसर्गातल्या द्रव्यांत मिसळतात एवढाच लावलेला आहे. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घर सोडलं, ही गोष्टही बाबासाहेबांना पटली नाही. २९ वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिलंच नसेल का, हा त्यांचा सवाल. त्यांनी पुढे ठेवलं ते सिद्धार्थाचं शाक्य कुळ आणि शेजारचे कोलीय यांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरचं भांडण. शाक्यांनी युद्ध ठरवलं, सिद्धार्थाने विरोध केला आणि त्याला घर सोडावं लागलं.

पाण्यावरचं भांडण सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या नळाला पाणी काही दिवसांआड येतं. आलं की गल्लीभर बादल्यांचा आवाज, कुणाची मोटर जास्त ओढते यावरून वाद. माझा सगळ्यात कडक सराव त्या तासाभरात होतो. घागर उचलताना कंबर वाकते की गुडघे, श्वास कोंडून धरलाय का, शेजारणीचा आवाज चढला की माझा जबडा आवळतो का, हे बघायचं. जबडा आवळलेला कळला की उत्तर देण्याआधी एक श्वास मिळतो. तेवढ्याने पुष्कळ वाद वाचतात.

हे मी मनाने काढलेलं नाही. मज्झिम निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहातल्या सतिपट्ठान सुत्तात भिक्खूला सांगितलंय की चालताना आपण चालतो आहोत हे जाण, उभा असताना, बसलेला असताना, आडवा असताना तसंच जाण. पुढे यादी आणखी बारीक होते. हात-पाय आखडताना आणि पसरताना, इकडे तिकडे बघताना, खाताना, पिताना, अगदी शौचाला जातानाही जागं राहायचं. म्हणजे बसणं ही चारांतली एक अवस्था झाली. अंगुत्तर निकाय या तशाच दुसऱ्या संग्रहात चंक्रमणाचे, म्हणजे येरझाऱ्या घालत केलेल्या ध्यानाचे, पाच फायदे दिले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, परिश्रम झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि चालताना साधलेली समाधी जास्त काळ टिकते. पहिले चार वाचले की वाटतं, बुद्धाने आमच्या ओपीडीत बसून हे लिहून दिलंय.

चालायचं कसं? नेहमीच्या वेगाने. फार सावकाश चाललं की तोल सांभाळण्यातच जीव जातो, विशेषतः वयस्कांचा. एका पावलापासून त्याच पायाच्या पुढच्या पावलापर्यंतचा काळ घेतला, तर साधारण ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. दोन्ही पाय एकदम टेकलेले असण्याचा काळ अगदी थोडा. तळपायाखाली लक्ष ठेवलं की हे स्वतःला जाणवतं: टाच टेकते, भार पुढे सरकतो, अंगठा ढकलतो, आणि तोल जाता जाता दुसरा पाय येऊन सावरतो. अनित्यतेवरचं प्रवचन ऐकून मला जे कळलं नव्हतं, ते इथे कळलं. स्थिर असं काही नसतं, सावरणं असतं.

मी उन्हाळ्यात पहाटेच जाते, कारण मे महिन्यात आठ वाजताच सोलापूर भाजायला लागतं. सिद्धेश्वर तलावाच्या काठी किंवा घरच्या गच्चीवर, दोन्ही सारखंच. मोबाईल मात्र घरी.

एक गोष्ट मी पेशंटना हटकून सांगते. सोण नावाच्या भिक्खूने चंक्रमण इतकं केलं की पाय फुटले आणि वाट रक्ताने माखली. बुद्धाने त्याला विचारलं, तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर सूर लागायचा का? आणि फार सैल सोडल्या तर? मग त्याला एका तळाच्या चपला घालायला परवानगी दिली आणि ती पुढे इतर भिक्खूंनाही लागू झाली. रक्ताळलेले पाय पाहून नियम बदलणारा गुरू मला फार जवळचा वाटतो. त्यागाच्या नावाखाली शरीराला मारणं त्याला मान्य नव्हतं.

विडीकाम करणाऱ्या बायका मला विचारतात, "काय ओ ताई, दिवसभर कामच करतो की आम्ही, आणखी कसलं ध्यान?" बरोबर आहे त्यांचं. मांडीवर सूप, मान खाली, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला मी पुन्हा मांडी घालून बसायला कसं सांगू? मी तिला उठायला सांगते. थोड्या थोड्या वेळाने उभी राहा, खांदे मागे घे, श्वास सोडताना तो जरा लांबव. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, ते तिलाही मनगटावर बोट ठेवून कळतं. दुखतं कुठे आणि दुखण्याच्या भीतीने आवळलंय कुठे, हे ती वेगळं ओळखायला लागते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ पासून जुनाट दुखण्याच्या रुग्णांना असंच काही शिकवलं, धर्माचं नाव न घेता. लक्ष दिल्याने मणक्याची गादी जागेवर येत नाही, हेही मी स्पष्ट सांगते. औषध आणि व्यायाम चालू ठेवायचे.

इथे विहारातले एक काका मला अडवतात. त्यांचं म्हणणं, ध्यान शिकवून तुम्ही लोकांना गप्प बसवता. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं ते पोरं शिकावीत म्हणून, डोळे मिटावेत म्हणून नव्हे. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली ती त्यांच्या संघटनेच्या लढ्याने. काकांचा आक्षेप मला मोलाचा वाटतो. कमी मजुरी शांतपणे सोसायला शिकवणारं ध्यान मलाही नको आहे, आणि असं ध्यान विकणाऱ्यांवर माझा राग आहे. बाबासाहेबांनी धम्म माणसामाणसांतल्या वागण्यात ठेवला, तो तिथून काढून चटईवर आणायचा नाही.

पण काकांना मी एका मावशींबद्दल सांगितलं. कारखान्यात विड्या द्यायला गेल्या की तपासणाऱ्यासमोर त्यांचे खांदे कानापर्यंत चढायचे आणि आवाज घशातच राहायचा. विड्या खराब म्हणून काढून घेतल्या तरी त्या मुकाट परत यायच्या, आणि मान दुखते म्हणून माझ्याकडे. आम्ही बरेच दिवस फक्त उभं राहण्यावर काम केलं. दोन्ही तळपायांवर भार, खांदे खाली, श्वास मोकळा. एक दिवस त्यांनी तिथेच उभं राहून विचारलं, "खराब आहेत तर परत द्या की, ठेवून का घेता?" मागच्या रांगेतल्या बायकांनीही तेच विचारलं.

आता दर रविवारी सकाळी काका आमच्याबरोबर चालायला येतात. वाद अजून मिटलेला नाही, तो चालता चालता चालूच असतो. तुम्हाला यायचं असेल तर या. जात-धर्म कुणी विचारणार नाही, आणि गुडघे दुखत असतील तर आधी मला दाखवा.