दोन कार्डं, एक अंगठा

डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याला पाकिस्तानी फौजेची शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार माणसं भारताच्या ताब्यात आली. त्यांत काही मुलकीही होती. मी तेव्हा लष्करात क्लार्क होतो, मध्य भारतातल्या एका छावणीत. चौकशीत युद्धकैद्यानं नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर एवढंच सांगायचं असतं. त्यापुढचं वदवून घ्यायला त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही, असं तिसरा जिनिव्हा करार सांगतो. त्याची उर्दू प्रत कैद्यांना वाचता येईल अशा जागी लावलेली होती.

छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत प्रत्येकाला घरी कार्ड पाठवता आलं पाहिजे, हाही हक्कच. मी जिवंत आहे, कैदेत आहे, तब्येत अशी, पत्ता हा. एक कार्ड घरी, एक जिनिव्हाला रेड क्रॉसकडे. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची कार्डं मी भरायचो आणि खाली अंगठा घ्यायचो. दिवसाला शंभर-सव्वाशे व्हायची.

१९७२ च्या एप्रिलमधली सकाळ होती. कैद्यांनी निवडलेला त्यांचा प्रतिनिधी एका तरुण शिपायाला घेऊन ऑफिसात आला. शिपायाच्या हातात वडिलांचं पत्र होतं. त्यानं ते उभ्यानंच वाचून दाखवलं. ‘तुझी दोन कार्डं पोचली. एकावर तुझी सही आहे, दुसऱ्यावर अंगठा. तू शाळा शिकलेला. अंगठा का केलास? तुझा हात गेला का? आईपासून लपवलंय, मला खरं कळव.’

वाचून झाल्यावर त्यानं दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. धडधाकट हात. “जनाब, मी एकच कार्ड लिहिलं.”

मी यादी काढली. एकाच नावाचे दोघे, लागोपाठच्या ओळींवर. खालचा त्याच पलटणीचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. त्याचं कार्ड भरताना माझी नजर वरच्या ओळीवर गेली होती आणि बापाचं नाव, गाव, तहसील सगळं वरच्याचं उतरलं होतं. सैन्याबरोबरचा मुलकी स्वयंपाकी असला तरी करारानं तो युद्धकैदीच, कार्डाचा हक्क तितकाच. आणि तीन महिने त्याच्या घरी काहीही पोचलेलं नव्हतं.

मला आठवलं, डाक वाटताना ते नाव पुकारलं की दोघंही पुढे यायचे. मग नंबर वाचला जायचा आणि लांगरी मागे सरकायचा. दर वेळी. मी ते पाहत होतो.

त्याला बोलावलं. त्याची काही तक्रार नव्हती. “घरी लिहिणारं कुणी नाही, म्हणून पत्र येत नसेल,” म्हणाला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. आपलीही माणसं तेव्हा पाकिस्तानात कैदेत होती. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर रावळपिंडीच्या छावणीत होते. तिथल्या कुणा क्लार्कची नजर अशीच एक ओळ चुकली असती तर?

साहेबांना जाऊन सांगितलं. ते मला चांगलेच बोलले, आणि बरोबर बोलले. नवं कार्ड त्याच दिवशी भरलं. गावाचं नाव त्यानं तीनदा सांगितलं, मी तीनदा वाचून दाखवलं. मग शाई लावून अंगठा टेकवला. पीठ मळून रुंद झालेला, मधोमध सुरीचा जुना व्रण असलेला अंगठा. तो व्रण ठशात पांढऱ्या रेघेसारखा उठला. दुरुस्तीची नोंद रेड क्रॉसकडेही गेली.

लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडावं, असंही करार म्हणतो. प्रत्यक्षात त्यांना परत पाठवण्याचा दिल्ली करार व्हायला ऑगस्ट १९७३ उजाडला आणि वाघा सीमेवरून शेवटचे कैदी परतले ते एप्रिल १९७४ मध्ये. हा विलंब मला तेव्हाही पटला नव्हता. एवढा काळ त्यांना घराशी जोडणारं होतं ते हेच: महिन्याला दोन पत्रं आणि चार कार्डं.

नवं कार्ड गेलं त्याच वर्षी, जूनमध्ये डाक आली. नाव पुकारलं, दोघंही पुढे आले. मी नंबर वाचला. लांगरी सवयीनं मागे सरकू लागला, तेव्हा त्या शिपायानं त्याचा दंड धरला. पत्र शिपायानंच वाचून दाखवलं. तो गेला असं समजून घरच्यांनी फेब्रुवारीतच त्याच्या नावानं फातिहा पढला होता. आता कार्डावरचा अंगठा बघून आईनं व्रण ओळखला होता.