तुम्ही विचारलंत म्हणून : आमचा वॉटर पोलोचा क्लब नक्की कधीचा?

“सर, तुमचा हा वॉटर पोलोचा क्लब किती जुना?” मुलांना पोहायला घेऊन आलेले आईवडील तलावाच्या पायऱ्यांवर बसून हे मला नेहमी विचारतात. कुणाला खरंच जाणून घ्यायचं असतं, कुणाला बॅच सुटेपर्यंत वेळ काढायचा असतो. मी “बराच जुना” म्हणून मोकळा होतो, कारण खरं उत्तर बॅच सुटेपर्यंत संपणारं नाही. ते एकदा सविस्तर लिहून टाकतो.

वॉटर पोलो म्हणजे खोल पाण्यात, तळाला पाय न टेकता, बॉल हाताने फेकून गोल करायचा खेळ. तर, आमच्या क्लबला स्थापनेची तारीख नाही. नोंदणी नाही, घटना नाही, अध्यक्ष कधीच नव्हता. दोन रंगांच्या नंबरी टोप्या, हवा धरणारे थोडे आणि न धरणारे बरेच बॉल, दोन गोलपोस्ट आणि संध्याकाळची शेवटची बॅच सुटल्यानंतरचा एक तास, एवढी आमची मालमत्ता. त्यातला तो तासही लेखी कुणी दिलेला नाही. आमच्या पहिल्या कोचनी तो तोंडी मागून घेतला. ते स्वतः रेल्वेकडून खेळलेले होते आणि मुलांना पोहायला शिकवण्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता. “नुसतं इकडून तिकडे जाऊन काय करायचं?” हे त्यांचं पोहण्याविषयीचं मत. बॅच सुटली की बरी पोहणारी सात-आठ पोरं ते पाण्यातच थांबवून ठेवायचे आणि मधे बॉल टाकायचे. आमच्या क्लबचा स्थापना समारंभ म्हणायचा तर हाच.

“मग याला क्लब कसं म्हणायचं?” असा पुढचा प्रश्न येतो. म्हणायचं, कारण हा खेळ जन्मलाच असा. स्कॉटलंडमध्ये १८७०च्या दशकात पोहण्याच्या शर्यती भरायच्या, पण बघणाऱ्यांना त्यात डोकी आणि हात यांपलीकडे काही दिसेना. लोक टिकावेत म्हणून मधल्या वेळात पाण्यातला फुटबॉल सुरू झाला. ग्लासगोच्या आर्लिंग्टन बाथ्स या पोहण्याच्या क्लबचे विल्यम विल्सन यांनी १८७७च्या सुमारास त्याचे नियम लिहिले आणि अॅबर्डीनला डी नदीत सामने झाले. त्या काळचा खेळ म्हणजे निव्वळ धुमश्चक्री होती. दोन्ही हातांनी बॉल पलीकडच्या काठावर टेकवला की गोल. गोलकीपर काठावर कोरडा उभा राहायचा आणि कुणी बॉल घेऊन जवळ आला की सरळ त्याच्या अंगावर उडी टाकायचा. बॉल पोहण्याच्या कपड्यात कोंबून बुडी मारायची आणि गोलपाशीच वर यायचं, हीसुद्धा मान्यताप्राप्त युक्ती होती. आमच्या कोचना हा काळ फार आवडला असता.

या गोष्टीतला माझा लाडका भाग १९००चा आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये वॉटर पोलो आला तेव्हा देशाचे निवडलेले संघ नव्हते, क्लबच उतरले होते. ब्रिटनच्या नावावर जे सुवर्णपदक आहे ते मँचेस्टरच्या ऑस्बोर्न स्विमिंग क्लबने सीन नदीत मिळवलेलं. अंतिम सामन्यात त्यांनी बेल्जियमला ७-२ असं हरवलं. आज ऑलिंपिकला जायचं तर निवड समिती, शिबिर, कोटा, व्हिसा. तेव्हा एका शहरातली एकत्र पोहणारी पोरं गेली आणि जिंकून आली. पुढच्या खेपेला, १९०४ साली सेंट लुईसला, न्यूयॉर्क अॅथलेटिक क्लब जिंकला. म्हणजे तोही क्लबच.

आपल्याकडे हा खेळ रुजला तो आधी कोलकात्यात. तिथे भरवस्तीत मोठमोठे तलाव आहेत, कॉलेज स्क्वेअर, हेदुआ, आणि त्यांच्या काठांना धरून पोहण्याचे क्लब वाढले. सचिन नाग हे नाव आमच्या पोरांना मी पाठच करून घेतलंय. जन्म वाराणसीचा, वाढले गंगेत, पुढे कोलकात्याच्या हाटखोला क्लबचे झाले. १९४७च्या दंगलीच्या दिवसांत त्यांच्या पायाला गोळी लागली. पुढच्याच वर्षी ते लंडन ऑलिंपिकला होते. तिथे भारताने वॉटर पोलोत चिलीला ७-४ हरवलं आणि त्यातले चार गोल नाग यांचे. एका पायात गोळी लागून गेलेल्या माणसाने हा खेळ खेळावा याचा अर्थ कळायला पाण्यात उतरायला हवं. इथे हात फक्त बॉलसाठी असतात, उभं राहण्याचं सगळं काम पायांचं. दोन्ही पाय आळीपाळीने उलट्या दिशांनी, रवीने ताक घुसळावं तसे फिरवत राहायचे. आम्ही त्याला एग-बीटर म्हणतो. तो थांबला की माणूस खाली.

लंडनच्या त्या संघात बहुतेक सगळे बंगाली. मुंबईचे आयझॅक मन्सूर मात्र त्यात होते. शंभर मीटर फ्रीस्टाइल पोहायचे आणि पोलोही खेळायचे. १९५२ला हेलसिंकीलाही ते गेले. मुंबईतल्या या ज्यू मंडळींच्या, बेने इस्रायली आणि बगदादी दोन्हींच्या, खेळातल्या कामगिरीवर कुणी तरी नीट बसून लिहायला हवं, पण तो वेगळा विषय.

१९५१ साली दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. नाग यांनी शंभर मीटरचं सुवर्ण घेतलं, आशियाई स्पर्धांमधलं भारताचं पहिलं सुवर्ण तेच. आणि वॉटर पोलोचं सुवर्णही आपलंच, सिंगापूरला हरवून. हे मी सांगितलं की पायऱ्यांवरचे लोक माझ्याकडे संशयाने बघतात. त्यानंतर १९७०ला बँकॉकमध्ये रौप्य, १९८२ला दिल्लीत कांस्य. ऑलिंपिकला मात्र हेलसिंकीनंतर आपला संघ गेलेला नाही.

मग गाडी कुठे अडली? टीव्हीवर दाखवत नाहीत, क्रिकेटने सगळं खाल्लं, ही उत्तरं मला पटत नाहीत. कबड्डीही कितीतरी वर्षं टीव्हीवर नव्हती, म्हणून ती संपली नाही. कबड्डीला माती लागते. आम्हाला खोल पाणी लागतं, आणि ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं.

नियमाप्रमाणे मैदानभर खोली किमान १.८ मीटर हवी, म्हणजे जवळजवळ सहा फूट. आपले बहुतेक तलाव शिकणाऱ्यांसाठी बांधलेले, एका टोकाला शॅलो, दुसऱ्या टोकाला डीप. ते चूक नाही, पहिली गरज तीच आहे. पण शॅलोला पोरं पाय टेकतात आणि पाय टेकले की हा खेळच उरत नाही. आमच्या तलावाचं शॅलो टोक चार फुटांचं. जुन्या नियमांत अशा पाण्यासाठी सोय होती : पाणी दीड मीटरपेक्षा उथळ असेल तर गोलची आडवी दांडी तळापासून २.४ मीटरवर बांधायची, नाहीतर पाण्याच्या वर ९० सेंटीमीटर. त्यामुळे आमच्याकडे शॅलोचा गोल पाण्याबाहेर चार फूट उंच आणि डीपचा तीन फूट. शॅलोचा गोली तळावर उभा राहून उड्या मारतो, पण त्याला राखायचंही जास्त. डीपचा गोली जीव तोडून पाय मारतो, पण त्याची जागा लहान. अर्ध्या वेळेला टोकं बदलतात, त्यामुळे तक्रार कुणाला करता येत नाही. बाहेरचे संघ आमच्याकडे येऊन चिडायचे. आम्ही बाहेर गेलो की पहिल्या पाच मिनिटांत आमच्या मांड्या भरायच्या, कारण अर्धं आयुष्य आम्ही टेकून काढलेलं. म्हणून पुढे कोचनी शॅलोची बाजू सोडून दिली आणि डीपमध्येच आडवं मैदान आखलं. मैदान लहान झालं, खेळ सुधारला.

दुसरं कारण नोकरी. वॉटर पोलो खेळून कुणी श्रीमंत होत नाही, पण स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत, पोलिसांत, सैन्यदलांत लागता येतं. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वे, सर्व्हिसेस (म्हणजे सैन्यदलं), पोलीस हे संघ वर्षानुवर्षं वर का असतात, तर म्हणून. आमच्या क्लबचा इतिहास विजेत्या ढालींवरून लिहिता येणार नाही. त्या चार-दोन आहेत आणि चौकीदाराच्या खोलीत आहेत. कोण कुठे लागला याची यादी केली तर तो लिहिता येईल. पोरगा तयार झाला की त्याला नोकरी लागते, नोकरी लागली की तो खात्याच्या संघाकडून खेळतो आणि आमच्याकडे त्याची टोपी रिकामी होते. मला याचं वाईट वाटत नाही. ज्या घरांतून ही पोरं येतात तिथे पदकापेक्षा पगार मोठा आहे आणि असायलाच हवा. फक्त यामुळे क्लब कायम विशीच्या आतल्या पोरांचा राहतो. एक पिढी गेली की पुन्हा बॉल एका हाताने कसा धरायचा इथपासून सुरुवात.

तिसरी गोष्ट त्या तासाची. आमचा क्लब दोनदा बंद पडला, आणि दोन्ही वेळा पोरं हजर होती, तासच गेला होता. एकदा तलाव दुरुस्तीला काढला आणि तो उघडेपर्यंत एक आख्खी फळी कॉलेज संपवून पांगली. दुसऱ्या खेपेला नवं वेळापत्रक आलं, त्यात आमच्या तासाला वजन कमी करायला येणाऱ्यांची बॅच बसली. तीही माणसं गरजूच, फी भरणारी. त्यांना “बाहेर व्हा, आम्हाला गोल मारायचेत” असं कुठल्या तोंडाने सांगणार? शेवटी त्या बॅचमधल्याच एका काकूंनी कार्यालयात अर्ज दिला, की आमची वेळ अर्धा तास अलीकडे घ्या, पोरांना खेळू द्या. आम्ही दिलेल्या अर्जांवर कधी काही झालं नव्हतं. त्यांच्या अर्जावर झालं. आमच्या इतिहासात संस्थापक म्हणून कुणाचा फोटो लावायचा ठरला तर माझं मत काकूंना.

परत सुरू झालो तेव्हा मुली आल्या. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा वॉटर पोलो १९००पासून आहे, बायकांचा २०००च्या सिडनीपासून. मधली शंभर वर्षं कुणाला काही खटकलं नाही. आमच्याकडे सुरुवातीला मुलींचा संघ पुरा होत नव्हता म्हणून त्या मुलांबरोबरच खेळल्या. पाण्याखाली काय काय चालतं ते रेफ्रीला काठावरून दिसत नाही, आणि ही गोष्ट मुलींनी मुलांपेक्षा लवकर ओळखली. सध्या आमची सगळ्यात हुशार गोली मुलगी आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : तारीख विचाराल तर नाही, आणि मधे बंद पडलेली वर्षं धरायची की वगळायची यावर आमच्यातच एकमत नाही. मुलाला पाठवायचं असेल तर आधी चारशे मीटर न थांबता पोहता यायला हवं. बॉल आणि टोपी आम्ही देतो. चष्मा लावून खेळता येत नाही. आणि नखं घरूनच कापून पाठवा. सामन्याआधी रेफ्री बोटं तपासतो, आणि काठावर नेलकटर एकच आहे.