बुल्सची शेवटची होम मॅच

आज पोरांना घेऊन डरहॅमला (अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना) बुल्स या बेसबॉल टीमची मॅच बघून आले, या सीझनची शेवटची होम मॅच. लेफ्ट फील्डच्या उंच निळ्या भिंतीवर तो मोठा बैल आहे ना, आपल्या टीमचा होमरन (क्रिकेटमधल्या सिक्ससारखा फटका) गेला की त्याचे डोळे लाल पेटतात, नाकातून धूर निघतो, शेपूट हलते आणि पोरं नुसती नाचतात.

पण माझा जीव अडकतो तो प्लेअर्समध्ये. बुल्स खेळतात ती ट्रिपल-ए लेव्हल म्हणजे मेजर लीग या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगचा उंबरठा, आपल्याकडे रणजी गाजवून इंडिया कॅपची वाट बघतात तसं. १५० मॅचेसचा सीझन, मंगळवार ते रविवार रोज खेळ आणि सोमवारी सुट्टी, तीही बऱ्याचदा प्रवासातच जाते. २०२३ च्या करारात किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर झाला, त्याआधी १७,५०० होता, एवढ्यात घर कसं चालवत असतील सांगा!

आणि प्लेऑफ्स तर फारच निर्दयी. सीझनच्या पहिल्या हाफची विजेती टीम विरुद्ध दुसऱ्या हाफची, फक्त तीन मॅचची सिरीज, जिंकलात तर लास वेगासला एकच मॅच, तीच फायनल. २०२२ ला बुल्स ती जिंकले, २०२३ ला नॉरफोकच्या टीमने सिरीजमध्येच अडवलं. त्यात ऐन वेळी टॅम्पा बे रेज, म्हणजे बुल्स ज्यांना प्लेअर्स तयार करून देतात ती मेजर लीगची टीम, हाताशी आलेला पिचर (बॉलर) वर बोलावून घेतात, टीम लंगडी होते, तरी मागे राहिलेले सगळे त्याला मिठ्या मारून निरोप देतात. मला तर ट्रॉफीपेक्षा मेजर लीगच्या बोलावण्याचा तो फोन कुणाला येतो याचीच जास्त उत्सुकता असते.